ओढ्यापलीकडचे नाव

आमच्या परगण्यात आफरबेक नावाची तीन घरे आहेत आणि तिघांचा एकमेकांशी रक्ताचा काडीमात्र संबंध नाही. पश्चिम जर्मनीतल्या म्युन्स्टरच्या सपाट मुलखातल्या जुन्या बोलीत या नावाचा अर्थ एवढाच: ओढ्यापलीकडचा. ओढे पुष्कळ आहेत आणि प्रत्येक ओढ्याला पलीकडची बाजू असतेच, म्हणून आफरबेकही पुष्कळ. या नावाचे राजघराणे शोधून देणारे आणि त्यावर सिंहाची ढाल रंगवून देणारे लोक जत्रेत भेटतात. ढालीची किंमत वाजवी असते. संशोधनाबद्दल तसे म्हणता येणार नाही.

मी जनावरांचा डॉक्टर. माझ्या व्यवसायात वळूचे नाव रक्तामागे जाते. आमच्या भागात माणसाचे नाव छपरामागे जात आले आहे. मळ्याला मुलगा उरला नाही आणि मुलीने बाहेरचा नवरा केला, तर तो मळ्यावर राहायला येतो, मळ्याचे नाव घेतो आणि स्वतःचे नाव फाटकाबाहेर सोडतो. बायकोने नवऱ्याचे नाव घ्यावे, असा कायदा होऊन निम्मे शतक उलटले होते. पण तो कायदा कागदांपुरता होता. गावाच्या जिभेवर त्याची सत्ता चालत नव्हती.

ओढ्याच्या वळणावरचा म्हातारा टोनेस आफरबेक हा स्वतः असाच आलेला. जन्माने तो कोण होता, हे गावात फार थोड्यांना ठाऊक होते आणि त्यांनाही त्यात रस नव्हता. त्याचे दोन्ही मुलगे रशियात पडले. मागे राहिली थेक्ला, तिशी ओलांडलेली, रुंद खांद्यांची, कमी बोलणारी. मळा मोठा होता, गाई चांगल्या होत्या आणि लग्नाच्या वयाचे पुरुष युद्धाने संपवले होते.

राइनहोल्ट क्रेचमर १९४६ साली आमच्या गावात आला, म्हणजे आणून टाकला गेला. युद्धानंतर पोलंडकडे गेलेल्या सायलेशियातून हाकललेल्या जर्मनांची एक मालगाडी आमच्या स्टेशनात रिकामी झाली. माणसांना शाळेच्या सभागृहात पेंढ्यावर झोपवले गेले आणि मग घरोघर वाटण्यात आले. क्रेचमर आफरबेकच्या वाट्याला आला. तो खोगिरे शिवणारा होता. तरुणपणी घोड्याने मांडी मोडल्यामुळे त्याचा डावा पाय आखूड राहिला होता आणि त्या पायामुळेच तो सैन्यातून सुटला होता. पंचेचाळीसच्या जानेवारीत रशियन फौजांपुढून पळताना त्याची बायको वाटेत गारठून मेली. पुढे एका स्टेशनात, गर्दीत, त्याने नऊ वर्षांच्या मुलीला खिडकीतून डब्यात सारले आणि स्वतः दाराकडे वळेपर्यंत गाडी सुटली. मुलीचे नाव उर्सेल. ती घरी परतेल या आशेने तो उलट आपल्या गावी गेला आणि वर्षभर थांबला. तिथून पोलिश अधिकाऱ्यांनी त्याला आमच्याकडे धाडले.

आमच्या लोकांनी या पाहुण्यांचे स्वागत कसे केले, ते सांगण्यासारखे नाही. कॅथलिक दोघेही होते, पण चर्चमध्ये बाक वेगळे पडले. निर्वासितांना सरसकट ‘पोलिश’ म्हणत. क्रेचमर या नावाने त्या टोमण्याला दुजोराच मिळे. तो शब्द मूळचा स्लाव लोकांचा. त्यांच्या भाषेतली खानावळ जर्मनांनी उचलली आणि ती चालवणाऱ्याला क्रेचमर म्हणू लागले. शुद्ध नावांचे गोडवे गाण्यात ज्यांनी नाझी राजवटीची बारा वर्षे घालवली होती, त्यांना हे अर्थातच ठाऊक नव्हते. त्यांना तो उच्चार फक्त परका वाटत होता.

तो नाव सोडायला तयार नव्हता आणि त्याचे कारण स्वाभिमान हे नव्हते. एकदा गोठ्यात अडलेल्या गाईशी आम्ही दोघे झगडत होतो, तेव्हा त्याने ते मला सांगितले. हरवलेल्यांचा शोध घेणाऱ्या कार्यालयात त्याने नाव-पत्ता दिला होता, पण उर्सेलचा मागमूस नव्हता. कोणी पाळली असेल, त्यांच्या नावाने तिची नोंद झाली असेल, मग कागदाला कागद जुळणार कसा, असे त्याचे म्हणणे.

“पण तिला तिचं नाव ठाऊक आहे, डॉक्टर,” तो म्हणाला. “तिकडे क्रेचमर पोत्यानं मिळायचे. गाव तिथं खानावळ, खानावळ तिथं क्रेचमर. इथं अख्ख्या परगण्यात मी एकटा. पोरीनं कधी नुसतं नाव विचारलं, तरी लोक तिला हाताला धरून माझ्यापाशी आणतील.”

तर्कात दोष नव्हता. दुर्मिळ खूण शोधायला सोपी असते, हे आम्ही प्रयोगशाळेतही मानतो. मात्र ती खूण वस्तूला चिकटून राहायला हवी.

थेक्लाने त्याच्याशी लग्न करायचे ठरवले, तेव्हा म्हाताऱ्याने एकच अट घातली. सरकारात अर्ज करून आफरबेक हे नाव घ्यायचे. राइनहोल्टने नकार दिला आणि त्यावर एक अख्खा हिवाळा गेला. मी घोडीचा खूर पाहायला गेलो होतो, त्या दुपारी स्वयंपाकघरात हा विषय पुन्हा निघाला. टेबलावर काळा पाव आणि धुरवलेले डुकराचे मांस होते. कोणी खात नव्हते.

“नाव मलाही होतं,” म्हातारा म्हणाला. “या दारातून आत आलो तेव्हा बाहेर ठेवलं. मेलो का मी? मळा राहतो, माणसं बदलतात. माझ्या आधीचाही बाहेरचाच होता.”

“तुम्हाला शोधत कोणी येणार नव्हतं,” राइनहोल्ट म्हणाला.

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिले, जणू मी निकाल द्यावा. मी खुराबद्दल बोललो. तेव्हा थेक्ला, चुलीपाशी पाठमोरी उभी, म्हणाली, “बाबा, कागदावर क्रेचमर राहू दे. मी होते क्रेचमर. मला जड नाही.”

म्हाताऱ्याने इतक्या सहजपणे होकाराची मान हलवली की मला नवल वाटले. मला फाटकापर्यंत सोडायला आला तेव्हा तो खुशीत होता. कागद सरकारचा असतो, डॉक्टर, हाक गावाची असते, असे म्हणून त्याने माझ्या गाडीचे दार लावले.

अठ्ठेचाळीसच्या वसंतात लग्न झाले. राइनहोल्टने फाटकावर स्वतः कोरलेली ओकची पाटी लावली: र. क्रेचमर. पाटीच्या अक्षरांत काही उणे नव्हते. पण आमच्याकडे कोण कुठे राहतो हे जन्मापासून ठाऊक असते. पाटी वाचायची वेळच येत नाही. पहिली दोन-तीन वर्षे तो प्रत्येकाला दुरुस्त करी. दूधवाल्याला, पाद्र्याला, मलाही एकदा. शेजारचा विल्म हा मळ्याचा पहिला शेजारी होता. आग, बाळंतपण, मृत्यू या प्रसंगी ज्याने न बोलावता यायचे असते, तो पहिला शेजारी. तो कुंपणावरून हाक मारी, “ए आफरबेक, शिडी आहे का?” हा म्हणे, “क्रेचमर.” विल्म म्हणे, “तेच रे. शिडी आहे का?”

यात कुचेष्टा नव्हती, आणि खरी अडचण नेमकी तीच होती. त्याआधी लोक त्याला ‘तो लंगडा पोलिश’ म्हणत. आफरबेक ही त्याला गावाने दिलेली पहिली सभ्य हाक होती. तिला नकार देणे म्हणजे विल्मने पुढे केलेला हात झिडकारणे.

एक्कावन्न साली लाळ-खुरकताची साथ आली. सरकारी हुकमाने मळ्याचे फाटक बंद झाले. आत आजारी गाई, राइनहोल्ट, पहिल्या खेपेची बाळंतीण थेक्ला आणि अंथरुणाला खिळलेला म्हातारा. शेजाऱ्यांनी आळीपाळीने चारा, पीठ, कोळसा फाटकाशी आणून ठेवला. पोत्यांवर खडूने ‘आफरबेक’ लिहिलेले असे. माझ्या फवारणीच्या फेरीत मी त्याला ती पोती उचलून आत नेताना पाहत होतो. एकदाही त्याने ती अक्षरे पुसली नाहीत. साथ ओसरता ओसरता म्हातारा गेला. विल्म आणि आणखी पाच शेजाऱ्यांनी शवपेटी खांद्यावर घेतली आणि विल्मने मागे वळून म्हटले, “आफरबेक, तू पुढं हो.” राइनहोल्ट पुढे झाला.

त्यानंतर त्याने कोणाला दुरुस्त केल्याचे मी ऐकले नाही. वादळात पाटी पडली. ती पुन्हा लावण्याचे राहून गेले. नेमबाजीच्या जत्रेत लाकडी पक्षी पाडणारा वर्षभराचा राजा ठरतो; एका वर्षी तो त्याने पाडला आणि राजा आफरबेक म्हणून मिरवला. त्याला दोन मुले झाली आणि त्यांना शाळेत आफरबेकची पोरे म्हणत. मी त्याला एकदा विचारले, नावाचे काय झाले? तो म्हणाला, “हाक मारली की वळायचं. नाही वळलं तर काम अडतं. कागदावर आहे की अजून.” आणि मग जरा थांबून, “बारा वर्षं झाली, डॉक्टर. एवढ्यात यायची तर आली असती.”

सत्तावन्नच्या ऑक्टोबरात आम्ही दोघे विल्मच्या कालवडी पाहून खानावळीत शिरलो. उकडलेले बटाटे आणि बिअर मागवली. विल्म आधीच तिथे होता आणि रंगात आला होता. गावात काही घडले नाही की तो स्टेशनावर उतरलेल्या माणसांबद्दल बोले. त्या दिवशी त्याच्याकडे एक जुनी, आठवड्यापूर्वीची बातमी होती. त्या काळात तो मुलीच्या सासरी गेला होता म्हणून सांगायची राहिली होती.

पूर्वेकडून, म्हणजे सीमेपलीकडच्या त्या दुसऱ्या जर्मनीतून, एक पोरगी आली होती म्हणे. विशी-एकविशीची. अंगात पातळ कोट, बोलण्यात तो निर्वासितांचा हेल. सायलेशियाच्या कुण्या बाईने तिला सांगितले होते की तिचा बाप आमच्या गावाला येणाऱ्या गाडीत होता. ती इथेच, या टेबलाशी, कपभर दूध घेऊन बसली आणि तिने क्रेचमर कुठे राहतात म्हणून विचारले. विल्मसकट सहा-सात जण हजर होते. सगळ्यांनी मनापासून डोके खाजवले. खानावळवाल्याने आत जाऊन बायकोला विचारले. कोणालाच क्रेचमर ठाऊक नव्हता.

ज्या नावाचा अर्थच खानावळवाला, ते खानावळीत कोणाला ओळखू आले नाही. अशा योगायोगांत नियतीचा हात पाहणाऱ्यांशी माझे जमत नाही. हा प्रकार सवयीचा होता आणि सवय पुरेशी असते.

“मग मलाच आठवलं,” विल्म सांगत होता. “सेहेचाळीस साली शाळेत उतरले होते त्यांच्यात होता एक. लंगडा. खोगीरवाला. मी म्हटलं, बाई गं, ते सगळे कधीच रूरला गेले, कोळशाच्या खाणीत. तोही गेला असणार. इथं कशाला थांबतोय? बरी होती पोरगी. रडली-बिडली नाही. दुधाचे पैसे दिले नि संध्याकाळची गाडी धरली.”

हे तो ज्याला सांगत होता, त्या माणसाचा आखूड पाय टेबलाखालून त्याच्या बुटाला लागत होता.

राइनहोल्टने काटा खाली ठेवला. “विल्म,” तो म्हणाला, “माझं नाव काय?”

“एका ग्लासात चढली काय रे? आफरबेक.”

“शाळेत पेंढ्यावर झोपलो होतो, तेव्हा काय होतं?”

विल्म हसत होता. ते हसू त्याच्या चेहऱ्यावर तसेच राहिले आणि त्यातला अर्थ निघून गेला. तो माझ्याकडे वळला, मग पुन्हा राइनहोल्टकडे. खोटे बोलण्याची त्याच्याजवळ हुशारी नव्हती आणि त्या क्षणी त्याने जे म्हटले ते त्याला समजावणीचे वाटले असावे.

“पण तू तर इथला आहेस,” तो म्हणाला.

मी गाडी काढली. आम्ही रूरमधले बोखुम गाठले. खाणींच्या वसाहतींतून, चर्चच्या कार्यालयांतून विचारत विचारत तिसऱ्या दिवशी आम्ही बायकांच्या एका वसतिगृहाशी पोचलो. तिथल्या वृद्ध ननला ती आठवत होती. मुलगी आठवडाभर राहिली होती. रूरमध्ये क्रेचमर खूप; सायलेशियाचे लोक खाणींसाठी तिथेच लोटले होते. तिने एकेक दार ठोठावले. कोणी खाणकामगार, कोणी न्हावी, एकाने तिला जेवू घातले. तिचा कोणीच नव्हता. सुट्टी संपल्यामुळे ती परत गेली होती, आमच्या येण्याच्या दोन दिवस आधी.

राइनहोल्टने पत्ता विचारला. ननने त्याचा हात धरला. पत्ता नव्हता. मुलीने नाव उर्सेल क्रेचमर सांगितले होते. कागदावर आपले नाव वेगळे आहे, ज्यांनी वाढवले त्यांचे आहे, असेही ती म्हणाली होती. ते कोणते, हे विचारण्याचे ननला कारण नव्हते.

“मी तिला म्हटलं, कागदावरचं नाव लिहीत जा, बाळ,” नन म्हणाली. “तर म्हणाली, सिस्टर, बाबांच्या कानावर हे नाव गेलं तर ते ओळखतील. दुसरं त्यांना काय ठाऊक?”

दोघांनी एकाच तर्काने एकमेकांना शोधले होते. तिने परके नाव बाजूला ठेवले होते, आणि म्हणून तिला शोधायला धागा उरला नव्हता. त्या दुसऱ्या जर्मनीत क्रेचमर हजारोंनी होते आणि ती त्यांच्यातली नव्हती. शोध-कार्यालयाने त्याची माहिती पुन्हा पाठवली, परगण्याच्या पाद्र्याने पलीकडच्या पाद्र्यांना लिहिले. तीन-चार उर्सेल सापडल्या. एकीचे वय चाळीस होते.

मळ्यावर परतल्यावर राइनहोल्ट घरोघर गेला. रविवारचा काळा कोट घालून, भर दुपारी, प्रत्येक दारात टोपी काढून उभा राहिला आणि म्हणाला की आजपासून मला क्रेचमर म्हणा. कोणी हसले नाही. सगळ्यांना वाईट वाटत होते आणि सगळ्यांनी वचन दिले. विल्मने तर दोन्ही हातांनी त्याचा हात दाबला. “शब्द देतो,” तो म्हणाला. “अगदी तसंच म्हणू, आफरबेक.” 

हिवाळाभर लोकांनी प्रयत्न केले. हाक मारण्यापूर्वी ते अडखळत; मग पुष्कळांनी हाक मारणेच सोडले. गोठ्यातल्या नळाला ‘आफरबेकचा नळ’ आणि रस्त्याला ‘आफरबेकचा रस्ता’ म्हणायचे आणि त्यांच्या मधोमध उभ्या असलेल्या माणसाला दुसरे काही, हे त्यांच्याने होईना.

मार्चमध्ये राइनहोल्टने स्टेशनासमोरची एक खोली भाड्याने घेतली. पुढे खोगिरे-पट्टे दुरुस्त करायचे टेबल, मागे खाट. रेल्वेतून उतरणाऱ्याला पहिले दार हेच पडावे, एवढाच त्याचा हेतू होता. थेक्लाने त्याला अडवले नाही. गावात मात्र ती बातमी वाईट पोचली: बायको आणि दोन लहान पोरे सोडून आफरबेक स्टेशनावर बसला. थेक्लाने एक गडी ठेवला आणि मळा चालवला. रविवारी चर्चमध्ये ती तीन जागा धरून बसे. चौथी रिकामी राही.

मग अपेक्षित होते तेच घडले, आणि मला ते आधी सुचले नाही याचे मला शास्त्र शिकलेला माणूस म्हणून आश्चर्य वाटते. उन्हाळा येईपर्यंत सगळे गाव त्याला क्रेचमर म्हणू लागले. आठवण करून न देता, न अडखळता. पट्टा तुटला की म्हणत, क्रेचमरकडे टाक. जो आफरबेकच्या छपराखाली राहत नाही तो आफरबेक नव्हे. शेकडो वर्षांचा नियम त्यांनी त्याला लावला होता, दोन्ही वेळा सारखाच प्रामाणिकपणे. विल्म रोज स्टेशनावर दूध घालायला येई आणि म्हणे, “काय क्रेचमर, बरं आहे ना?” मळ्यावर त्याच्या सात वर्षांच्या मुलाला लोक छोटा आफरबेक म्हणू लागले होते. बापाला भेटायला ते पोर फार येत नसे.

एकसष्टच्या ऑगस्टमध्ये सीमा बंद झाली. बर्लिनमधून होणारे येणे-जाणे थांबले, म्हणजे पूर्वेकडचे कोणी आमच्या स्टेशनात उतरण्याचा संभवही थांबला. मी त्या आठवड्यात त्याच्याकडे गेलो. दुपारची गाडी नुकतीच आली होती. तो दारात उभा राहून उतरणाऱ्यांचे चेहरे पाहत होता. तीन माणसे उतरली, तिन्ही गावातली. तिघांनी त्याला नावाने नमस्कार केला.

मी जे सांगायला गेलो होतो ते सरळ सांगितले. आता आकडा शून्य आहे. शून्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. थेक्लाला कंबरदुखीने गाठले आहे, गडी चोर आहे, आणि मुलगी रात्री बापाबद्दल विचारते. घरी जा.

त्याने सुईत दोरा ओवला. त्याला चष्मा लागला होता आणि ते काम आता त्याला चटकन जमत नव्हते. मळ्याची त्याला आठवण येत नव्हती असे नाही. कोणती गाय व्याली, ओढ्याकाठची वेल छाटली का, हे त्याने मला बारकाईने विचारले. मी उत्तरे दिली आणि पुन्हा म्हटले, जा.

“गेलो तर संध्याकाळपर्यंत पुन्हा आफरबेक होईन, डॉक्टर,” तो म्हणाला. आणि चारची गाडी यायला वेळ होता, म्हणून त्याने पट्ट्याची शिवण पुढे चालू ठेवली.